३० मिलिमीटरचा झोन, आणि जिचा झोन आलाच नाही ती हळद

सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रकल्पासाठी तिने ओवा, लवंग आणि तुळस यांची तेले ऊर्ध्वपातनाने काढली. हळद, हिरडा आणि कडुनिंबाचा पाला यांचे पाण्यातले व मिथेनॉलमधले अर्क तयार केले, आणि ई. कोलाय व स्टॅफिलोकॉकस ऑरियस या दोन जिवाणूंवर डिस्क पद्धतीने, म्हणजे पदार्थ टाकलेली कागदी चकती जिवाणू पसरलेल्या आगरावर (जेलीसारख्या माध्यमावर) ठेवून, चाचणी घेतली; चकतीभोवती जिवाणू न वाढलेले जे वर्तुळ उमटते तो झोन. ई. कोलायच्या प्लेटवर ओव्याच्या तेलाचा झोन ३० मिलिमीटर आला, लवंगेचा २२, तुलनेसाठी ठेवलेल्या जेंटामायसिन या प्रतिजैविकाचा २१ आणि हळदीच्या पाण्यातल्या अर्काचा काहीच नाही. अँटिऑक्सिडंट गुण मोजणाऱ्या डीपीपीएच चाचणीत मात्र हिरड्याने ९३ टक्के मुक्त मूलके (फ्री रॅडिकल्स) शमवली. तिचे विचारणे असे की, ओव्याचे तेल जेंटामायसिनपेक्षा प्रभावी आहे असे प्रबंधात लिहावे का, घराघरांत जखमेवर लावली जाणारी हळद शून्यावर कशी राहिली, आणि अँटिऑक्सिडंट गुण व जिवाणूरोधक गुण यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का. शिवाय तिच्या भावाला हेच तेल घालून टाचांच्या भेगांचे मलम बाजारात आणायचे आहे.

ओव्याचे तेल जेंटामायसिनपेक्षा प्रभावी आहे असे तुमच्या आकड्यांवरून म्हणता येत नाही, आणि हळद निकामी आहे असेही म्हणता येत नाही. दोन्ही ठिकाणी चूक एकच झाली आहे, ती म्हणजे झोनचा व्यास हे पदार्थाच्या ताकदीचे माप मानले गेले आहे. वास्तविक तो व्यास एवढेच सांगतो की, डिस्कवर ठेवलेल्या अमुक मात्रेतला पदार्थ आगरातून पसरत, जिवाणूंची वाढ दाट होण्यापूर्वी, किती अंतरापर्यंत पुरेशा संहतीने पोहोचला. त्यात मात्रा आली, पदार्थाची पाण्यात विरघळण्याची क्षमता आली, रेणूचा आकार आला, बाष्पनशीलता आली आणि या सगळ्यांत मिसळलेली ताकदही आली. यांतली ताकद तेवढी वेगळी काढून दाखवणे या चाचणीला जमत नाही.

आधी मात्रेचा हिशेब करू. जेंटामायसिनच्या प्रमाणित डिस्कमध्ये १० मायक्रोग्रॅम औषध असते. तुम्ही डिस्कवर १० मायक्रोलिटर ओव्याचे तेल टाकले आहे. त्या तेलाची घनता ०.९२ च्या आसपास धरली तर ते ९ मिलिग्रॅमहून थोडे अधिक, म्हणजे ९,००० मायक्रोग्रॅमच्या वर भरते. नऊशे पट मात्रा देऊन नऊ मिलिमीटर जास्त झोन मिळाला, याला वरचढ म्हणणे अवघड आहे. असे तक्ते मी दरवर्षी तपासतो आणि त्यांतल्या बहुतेकांत ही तुलना जशीच्या तशी असते. कित्येक छापील शोधनिबंधांतही ती सापडते, त्यामुळे चूक एकट्या तुमची नाही.

प्रतिजैविकांच्या झोनला अर्थ असतो, कारण त्यामागे मोठी प्रमाणीकरणाची मेहनत आहे. किर्बी आणि बाउअर यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यात म्युलर-हिंटन आगर, त्याची ४ मिलिमीटर जाडी, जिवाणूंच्या द्रवाचा ०.५ मॅकफार्लंड गढूळपणा, प्रत्येक औषधाची डिस्कमधली ठरलेली मात्रा, उबवणीचे तापमान आणि वेळ हे सर्व बांधून दिलेले आहे. त्यानंतर प्रत्येक औषधाच्या झोनची सांगड त्याच्या किमान प्रतिबंधक संहतीशी, म्हणजे एमआयसीशी, आणि रुग्णाच्या रक्तात त्या औषधाची जी पातळी गाठता येते तिच्याशी घातलेली आहे. म्हणूनच दोन प्रतिजैविकांचे झोनही एकमेकांच्या शेजारी ठेवून मोजत नाहीत. व्हँकोमायसिनचा रेणू मोठा आणि आगरात मंदगतीने सरकणारा आहे. ३० मायक्रोग्रॅमच्या डिस्कभोवती स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या प्रमाणित वाणावर त्याचा झोन १७ ते २१ मिलिमीटरच अपेक्षित असतो, तरीही ते गंभीर संसर्गात प्राण वाचवणारे औषध आहे. कोलिस्टिन तर आगरात इतके कमी पसरते की त्याच्यासाठी साधी डिस्क चाचणी वापरू नये असाच संकेत आहे. वनस्पतींच्या तेलांसाठी आणि अर्कांसाठी अशी कोणतीही सांगड कोणी घातलेली नाही. तेव्हा ‘१५ मिलिमीटरच्या वर म्हणजे संवेदनशील’ असे निकष प्रबंधात दिसले की ते प्रतिजैविकांच्या तक्त्यातून उसने आणलेले आहेत असे समजावे.

तेलाच्या बाबतीत आणखी एक घोटाळा आहे, तो बाष्पाचा. ओव्याचे तेल आगरातून जेवढे पसरते त्याहून अधिक ते पेट्री डिशच्या झाकणाखालच्या हवेतून पसरते आणि वरून जिवाणूंवर उतरते. उमेदवारीच्या काळात मी स्वतः यात फसलो होतो. ओव्याच्या प्लेटा, तुळशीच्या प्लेटा आणि तेल न घातलेल्या नियंत्रण प्लेटा मी एकाच डब्यात एकावर एक रचून इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या. दुसऱ्या दिवशी नियंत्रण प्लेटांवरसुद्धा वाढ विरळ होती आणि तुळशीचे झोन पूर्वीपेक्षा मोठे होते. दोन दिवस मी माध्यमाला आणि जिवाणूंना दोष देत बसलो. डबा उघडताच नाकात शिरणाऱ्या ओव्याच्या वासाकडे लक्ष द्यायला हवे होते हे नंतर कळले. तुम्ही एकाच प्लेटवर ओवा, लवंग आणि तुळस अशा तीन डिस्क ठेवल्या असतील तर तुळशीच्या झोनमध्ये ओव्याचा वाटा किती हे सांगता येणार नाही. प्रत्येक तेलाला वेगळी प्लेट द्या, ती पॅराफिनच्या पट्टीने बंद करा आणि शक्य असल्यास वेगळ्या डब्यात ठेवा. बाष्पाचाच परिणाम पाहायचा असेल तर डिस्क आगरावर न ठेवता झाकणाच्या आतल्या बाजूला ठेवून चाचणी घेता येते.

डिस्क चाचणीचे काम चाळणीचे आहे; ते झाले की लगेच एमआयसीकडे वळावे. ९६ खड्ड्यांच्या प्लेटमध्ये द्रव माध्यमात तेलाची संहती प्रत्येक पायरीला निम्मी करत जावे, प्रत्येक खड्ड्यात शेवटी दर मिलिलिटरला सुमारे ५ × १०^५ जिवाणू राहतील एवढे बीज घालावे आणि ज्या सर्वांत कमी संहतीला वाढ दिसत नाही ती नोंदवावी. सांगायला हे सोपे आहे, पण तेल पाण्यात मिसळत नाही हा त्यातला खरा अडसर आहे. त्यासाठी डीएमएसओ हे द्रावक किंवा ट्वीन ८० हे पायसकारक वापरतात. दोन्ही मर्यादेत ठेवावीत, डीएमएसओ अंतिम द्रवात एक टक्क्याच्या आसपास आणि ट्वीन अर्ध्या टक्क्याच्या आत, आणि केवळ डीएमएसओ किंवा केवळ ट्वीन असलेले खड्डे प्रत्येक प्लेटमध्ये असलेच पाहिजेत. ट्वीन जास्त झाले तर तेलाचे रेणू त्याच्या सूक्ष्म थेंबांत अडकून पडतात आणि तेल आहे त्याहून दुबळे भासते. प्लेट चिकटपट्टीने बंद केली नाही तर ओव्याच्या सर्वांत तीव्र खड्ड्यातले बाष्प शेजारच्या खड्ड्यांतली वाढ दाबते आणि एमआयसी खोटी कमी येते. वाढ ओळखण्यासाठी रेझाझुरिन वापरत असाल तर आणखी सावध राहा. हा निळा रंग जिवंत पेशी गुलाबी करतात, पण क्षपणकारक (इलेक्ट्रॉन देणारे) अर्क पेशी नसतानाही तो गुलाबी करू शकतात. हिरड्याचा अर्क आणि रेझाझुरिन, जिवाणू न घालता, असा एक खड्डा ठेवला की शंका मिटते.

ही चाचणी नीट केली की आकडे जमिनीवर येतात. ई. कोलायच्या प्रमाणित वाणावर (एटीसीसी २५९२२) जेंटामायसिनची एमआयसी दर मिलिलिटरला ०.२५ ते १ मायक्रोग्रॅम या पट्ट्यात यायला हवी; ती तशी आली नाही तर तुमची चाचणीच चुकली. याच जिवाणूवर ओव्याच्या तेलातला मुख्य घटक असलेल्या थायमॉलची एमआयसी साधारणपणे दर मिलिलिटरला काही शे मायक्रोग्रॅम येते. फरक शेकडो पटींचा आहे. तरीही वनस्पतिजन्य पदार्थासाठी थायमॉलचा हा आकडा चांगलाच मानला जातो, आणि ओव्याच्या तेलाबद्दल लिहिण्यासारखे त्यात पुष्कळ आहे.

आता तेलात काय आहे ते पाहू, कारण त्याशिवाय ‘ओव्याचे तेल’ या शब्दांना रासायनिक अर्थ नाही. ओव्याच्या दाण्यांत २ ते ४ टक्के बाष्पनशील तेल असते आणि त्याचा साधारण ३५ ते ६० टक्के भाग थायमॉल असतो. उरलेल्यात मुख्यतः पॅरा-सायमीन आणि गॅमा-टर्पिनीन. थायमॉल म्हणजेच आपल्याकडच्या वैद्यांचे आणि गंधी दुकानांचे ‘ओव्याचे फूल’. पहिल्या महायुद्धापूर्वी भारतातून ओवा मोठ्या प्रमाणात जर्मनीला जात असे आणि जगाला लागणारे थायमॉल तिथे काढले जाई. युद्धाने तो मार्ग बंद झाला तेव्हा जंतुनाशकांच्या बाजाराला त्याची झळ बसली. शुद्ध थायमॉल ५० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, म्हणून थायमॉलचे प्रमाण भरपूर असलेले तेल फ्रिजमध्ये ठेवले की स्फटिक तळाशी बसतात. बाटली तशीच काढून वरचे पातळ तेल पिपेटने घेतले तर ज्याची चाचणी घ्यायची तो घटकच मागे राहतो. बाटली कोमट पाण्यात धरून, हलवून, मगच तेल घ्यावे. लवंगेची अडचण उलटी आहे. तिच्या तेलात ७० ते ९० टक्के युजेनॉल असल्यामुळे ते पाण्यापेक्षा जड आहे. पाण्यापेक्षा हलक्या तेलांसाठी बनवलेल्या क्लेव्हेंजर या ऊर्ध्वपातनाच्या उपकरणात ते खाली बसते आणि परतीच्या नळीतून पुन्हा चंबूत जाऊ शकते. तेलाचा उतारा कमी आला असेल तर लवंगेला दोष देण्यापूर्वी उपकरण कोणते होते ते पाहा.

तुळशीचे तर एक तेल असे काही नसतेच. काही रोपांत युजेनॉल प्रमुख, काहींत मिथाइल युजेनॉल, शिवाय कॅरियोफायलीन कमीअधिक. वाण, जमीन, तोडणीचा काळ आणि पाने सावलीत वाळवली की उन्हात, यांवर ते बदलते. युजेनॉल आणि मिथाइल युजेनॉल यांच्या रचनेत दिसायला एका मिथाइल गटाचा फरक आहे, पण त्या फरकाने फिनॉलचा हायड्रॉक्सिल गट झाकला जातो आणि त्याच्याबरोबर जिवाणूरोधक व अँटिऑक्सिडंट असे दोन्ही गुण मंदावतात. जीसी-एमएस विश्लेषण (तेलातले घटक वेगळे करून ओळखण्याची पद्धत) न जोडता ‘तुळशीचे तेल प्रभावी ठरले’ असे लिहिणे म्हणजे पत्त्यात फक्त ‘महाराष्ट्र’ लिहिण्यासारखे आहे. वनस्पतीची ओळखही लेखी हवी. पुण्यात आघारकर संशोधन संस्था आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र ही त्यासाठीची ठिकाणे आहेत, आणि प्रमाणित जिवाणू राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या एनसीआयएम संग्रहातून मिळतात. महाविद्यालयाच्या फ्रिजमध्ये वर्षानुवर्षे पोटसंवर्धन होत आलेल्या वाणावर केलेले काम पुढे कुणाला पडताळता येत नाही.

थायमॉल आणि युजेनॉल हे तेलकट फिनॉल जिवाणूच्या पेशीपटलात शिरतात, ते सैल करतात, पोटॅशियमचे आयन बाहेर झिरपू लागतात आणि पेशीची ऊर्जा टिकवणारा प्रोटॉनांचा उतार मोडतो. एकच कुलूप शोधणाऱ्या किल्लीसारखे हे काम नसते, ते भिंत पोखरण्यासारखे असते, आणि म्हणूनच त्याला मात्रा जास्त लागते. ई. कोलायसारख्या ग्रॅम-ऋण जिवाणूंना बाहेरचे एक जादा पटल असते, ते तेलकट रेणूंना बऱ्यापैकी अडवते. स्युडोमोनास एरुजिनोसा या बाबतीत सर्वांत चिवट. तुमच्या चाचणीत तो नाही. भावाच्या मलमाकडे येऊ तेव्हा त्याची गरज भासेल.

कडुनिंबाबद्दल एक जागा स्पष्ट करून ठेवतो, कारण बोलताना ‘तेल’ या एकाच शब्दात दोन निराळ्या गोष्टी येतात. लिंबोळीचे तेल, करंजाचे तेल ही स्थिर तेले आहेत, म्हणजे गोडेतेलासारखी मेदाम्लांची ग्लिसराइडे. ती उडत नाहीत, आगरात पसरत नाहीत आणि डिस्कभोवती त्यांचा झोन बहुधा येतच नाही. ओवा, लवंग, निलगिरी, गवती चहा यांची तेले बाष्पनशील आहेत. दोन्ही प्रकार एकाच तक्त्यात मांडून क्रमांक लावणे व्यर्थ आहे. ‘अर्क’ शब्दाचेही तसेच आहे. आयुर्वेदाच्या दुकानातला ओव्याचा अर्क हा ऊर्ध्वपातित असतो, तर प्रयोगशाळेतला अर्क म्हणजे मिथेनॉल किंवा पाण्यात भिजवून, गाळून, आटवून उरलेला चोथाविरहित भाग. प्रबंधात कोणता अर्थ घेतला ते पहिल्याच पानावर सांगावे.

हळदीकडे वळू. वाळलेल्या हळदीत कर्क्युमिनॉइडे साधारण २ ते ६ टक्के असतात आणि पाण्यात ती जवळजवळ विरघळत नाहीत. तुमच्या पाण्यातल्या अर्कात रंग दिसला असेल, पण त्यात मुख्यतः स्टार्च, शर्करा आणि तरंगणारे सूक्ष्म कण होते; कर्क्युमिन गाळणकागदावर राहिले. मिथेनॉलच्या अर्कातून ते डिस्कवर आले, मिथेनॉल उडाला, आणि मग ते डिस्कमध्येच घट्ट बसले, कारण आगर म्हणजे शेवटी पाणीच. अशा पदार्थासाठी डिस्क चाचणी निवडणे ही चाचणीची चूक. द्रव माध्यमात डीएमएसओसह एमआयसी घेतली तर स्टॅफिलोकॉकसवर काही परिणाम दिसेल, तोही बहुधा दर मिलिलिटरला शेकडो मायक्रोग्रॅमच्या पातळीवर. शिवाय कर्क्युमिन उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी पाण्यात काही मिनिटांत विघटित होऊ लागते, आणि निळ्या प्रकाशात ते प्रकाशसंवेदी बनून अंधारात जेवढे जिवाणू मारते त्याहून कितीतरी जास्त मारते. म्हणून एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीला मिळत नाही. खिडकीजवळ केलेला आणि अंधारात केलेला प्रयोग एक मानू नका.

मग घरातल्या अनुभवाचे काय, असे तुम्ही विचाराल. जखमेवर दाबलेली हळदीची पूड रक्त आणि लस शोषते, जखम झाकते, आणि तिच्यातले कर्क्युमिन व टर्मेरोन दाह कमी करण्यास मदत करत असतील. पेट्री डिशमध्ये यातले एकही मोजले जात नाही. या ठिकाणी लोक हमखास हळदीच्या पेटंटचा दाखला देतात. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्यासाठी १९९५ मध्ये मिळालेले अमेरिकी पेटंट, डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान दिल्यावर, १९९७ मध्ये रद्द झाले. ही अभिमानाची घटना खरीच, पण त्या निर्णयाने ठरले ते एवढेच की हा उपयोग नवा नाही, भारतात तो पूर्वापार ठाऊक होता. हळदीने जखम भरते हे त्यातून सिद्ध झाले असे लिहिणारे पेटंट कार्यालयाकडून रुग्णालयाचे काम करून घेत आहेत. कर्क्युमिनबद्दल २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका प्रमुख नियतकालिकात आलेला सविस्तर आढावाही वाचा. हा रेणू अस्थिर आहे, रक्तात फारसा पोहोचत नाही आणि अनेक चाचण्यांत खोटे होकारार्थी निकाल देतो, असे त्यात मांडले आहे. पचायला कडू आहे, पण हळदीवर काम करणाऱ्याने तो टाळू नये.

आता हिरडा आणि ९३ टक्के. डीपीपीएच हे जांभळे, स्थिर मुक्त मूलक आहे. त्याला हायड्रोजन किंवा इलेक्ट्रॉन देणारा पदार्थ भेटला की ५१७ नॅनोमीटरवरचे त्याचे शोषण उतरते आणि द्रव पिवळसर होतो. हिरड्यात चेब्युलाजिक आणि चेब्युलिनिक आम्लांसारखी टॅनिने विपुल असतात, त्यामुळे उत्तर चांगले येणार हे अपेक्षितच होते. पण तुम्ही दर मिलिलिटरला १ मिलिग्रॅम अर्क वापरला आहे. एवढ्या अर्कापुढे डीपीपीएच संपूनच जाते, आणि संपल्यावर हिरडा, चहाची पूड, डाळिंबाची साल हे सगळेच नव्वदीच्या घरात येतात. परीक्षेत सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण पडले तर पहिला कोण हे कळत नाही. दर मिलिलिटरला १ ते ५० मायक्रोग्रॅम अशी मालिका घ्या, निम्मे मूलक शमवणारी संहती काढा, शेजारी अॅस्कॉर्बिक आम्ल किंवा ट्रोलॉक्स तुलनेसाठी ठेवा, डीपीपीएचची संहती आणि थांबण्याची वेळ नोंदवा, आणि अर्काच्या स्वतःच्या रंगाचे शोषण वजा करा. एकूण फिनॉल मोजण्याच्या फोलिन-सिओकाल्टो चाचणीवरही फार विसंबू नका. ती क जीवनसत्त्व आणि क्षपणकारक शर्करांनाही फिनॉल म्हणूनच मोजते. जुन्नर-आंबेगावच्या डोंगराळ भागात गोळा होणारा बाळहिरडा आणि पूर्ण पिकलेला हिरडा यांतील टॅनिनही सारखे नसते, तेव्हा नमुना कोणता होता ते लिहावे.

या टक्क्यांवरून शरीरातल्या परिणामाकडे उडी मारू नये. खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेचा ओआरएसी तक्ता अमेरिकेच्या कृषी खात्याने प्रसिद्ध केला होता. तो २०१२ मध्ये त्यांनीच काढून घेतला, कारण परीक्षानळीतल्या त्या आकड्यांचा आरोग्यावरच्या परिणामाशी संबंध दाखवता येत नव्हता आणि जाहिरातींत त्यांचा गैरवापर होत होता.

दोन गुणांच्या संबंधाबद्दलचा तुमचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटला. काही अंशी संबंध आहे, कारण थायमॉल आणि युजेनॉल यांचा फिनॉलिक हायड्रॉक्सिल गट दोन्ही कामांत उपयोगी पडतो. निलगिरीतले सिनिओल किंवा लिंबाच्या सालीतले लिमोनीन यांच्याकडे तो नाही आणि डीपीपीएचमध्ये ती जवळपास गप्प राहतात. परंतु टॅनिनयुक्त अर्कांत एक उफराटा प्रकार घडतो. गॅलिक आम्ल आणि चहातली कॅटेचिने संवर्धन माध्यमात हवेतल्या ऑक्सिजनशी क्रिया करून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. म्हणजे डीपीपीएचमध्ये अँटिऑक्सिडंट ठरलेला पदार्थ जिवाणूंच्या प्लेटवर ऑक्सिडीकारक निर्माण करतो, आणि आपण ज्याला वनस्पतीचा जिवाणूरोधक गुण म्हणून टाळ्या वाजवतो तो काही वेळा औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या पेरॉक्साइडचाच असतो. माध्यमात पेरॉक्साइड मोडणारे कॅटलेझ हे विकर घालून चाचणी पुन्हा घ्या. हिरड्याचा परिणाम उतरला तर उत्तर मिळाले. एवढा एक नियंत्रण प्रयोग तुमच्या प्रबंधाला शंभर प्रबंधांपासून वेगळे काढील. टॅनिने माध्यमातली प्रथिनेही बांधून टाकतात, त्यामुळे थोडीबहुत वाढ उपासमारीनेही घटते, हेही ध्यानात ठेवा.

अँटिऑक्सिडंट गुण खरोखर कामाला येतो तो मेद खवट होण्यापासून वाचवण्यात. लोणी कढवताना शेवटी विड्याचे पान टाकण्याची आपल्याकडची पद्धत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे; विड्याच्या पानात हायड्रॉक्सिचॅव्हिकॉल आणि युजेनॉल यांसारखे मेदात विरघळणारे फिनॉल असतात आणि तुपाचे ऑक्सिडीकरण ते लांबवतात. असे काही मोजायचे असेल तर डीपीपीएच बाजूला ठेवून तूप किंवा शेंगदाण्याचे तेल ६० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवावे आणि दर काही दिवसांनी पेरॉक्साइड मूल्य काढावे. पाण्यात विरघळणारा हिरडा तिथे फारसे काही करणार नाही, डीपीपीएचमध्ये तो कितीही पुढे असला तरी.

तुमच्या भावाच्या मलमाविषयी. ओव्याचे किंवा लवंगेचे तेल थोड्या प्रमाणात घातल्याने मलम टिकेल असे गृहीत धरू नये. मलमातले मेण आणि तेल बाष्पनशील तेलाला स्वतःत ओढून घेतात, आणि जिवाणू वाढतात ते पाण्याच्या भागात. तिथे तेलाचा अंश उरतच नाही. पाणी असलेल्या प्रसाधनांत जी सर्वांत जास्त त्रास देते ती स्युडोमोनास, आणि नेमकी तीच या तेलांना दाद देत नाही. म्हणून परिरक्षकाची आव्हान चाचणी करून घ्यावी. तीत तयार मलमातच स्टॅफिलोकॉकस, स्युडोमोनास, ई. कोलाय, कँडिडा आणि अॅस्परजिलस मुद्दाम मिसळून २८ दिवस त्यांची संख्या पाहतात. पाणी अजिबात नसलेले मलम केले तर अडचण बरीच कमी होते आणि भेगांसाठी ते अधिक योग्यही आहे. तेलाचे प्रमाण एक टक्क्याच्या आत ठेवावे. फाटलेल्या त्वचेवर थायमॉल आणि युजेनॉल झोंबतात, आणि युजेनॉलची अॅलर्जी असणारे लोक कमी नाहीत. ‘जंतुनाशक’, ‘भेगा बऱ्या करते’ असे लेबलवर आले की ते प्रसाधन न राहता औषध ठरते. त्याला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० खाली परवाना लागतो. आधी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात विचारून घ्यावे. आणि शुद्ध तेलाच्या बाटल्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. लवंगेचे, निलगिरीचे तेल किंवा कापूर पोटात गेल्याने लहान मुले गंभीर आजारी पडल्याच्या नोंदी आहेत, आणि तान्ह्या मुलांना लिंबोळीचे तेल पाजल्याने मेंदू व यकृतावर घातक परिणाम झाले आहेत.

वनस्पतींच्या तेलांना जागा नाही असा मात्र याचा अर्थ घेऊ नका. चूळ भरण्याच्या द्रवांत थायमॉल ०.०६४ टक्के एवढ्या अल्प प्रमाणात, सिनिओल, मेंथॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट यांच्या सोबतीने, दातांवरचा थर कमी करते हे रुग्णांवरील चाचण्यांत दिसले आहे. दंतवैद्य झिंक ऑक्साइडमध्ये युजेनॉल कालवून तात्पुरती भर आजही भरतात. मधमाशीपालक पेटीतल्या व्हॅरोआ या परजीवी कोळ्यांसाठी थायमॉल वापरतात. या तिन्ही ठिकाणी पदार्थ थेट जागेवर, ठरलेल्या संहतीत पोहोचतो. रक्तात जाऊन, यकृतातून सुटून संसर्गाच्या जागी पोहोचण्याची जबाबदारी त्याच्यावर नसते. गिळलेले थायमॉल सल्फेट आणि ग्लुकुरोनाइड होऊन झटपट निष्क्रिय होते.

प्रबंधापुरते सांगायचे तर तुमच्याकडे अजून वेळ आहे असे तुम्ही लिहिले आहे, तेव्हा सहा वनस्पतींऐवजी दोनच ठेवा, ओवा आणि हिरडा. ओव्याचे जीसी-एमएस, त्याच तेलाची आणि शुद्ध थायमॉलची एमआयसी शेजारी शेजारी, आणि जिवाणूंमध्ये स्युडोमोनासची भर. हिरड्याची कॅटलेझसह आणि कॅटलेझविना एमआयसी, आणि डीपीपीएचची पूर्ण मालिका. प्रत्येक प्रयोग तीन वेगवेगळ्या दिवशी, नव्याने वाढवलेल्या जिवाणूंवर करा. एकाच प्लेटवर तीन डिस्क ठेवणे म्हणजे तीनदा प्रयोग करणे नव्हे. झोनचा तक्ता परिशिष्टात टाका, जेंटामायसिनच्या रकान्यावर ‘चाचणी नियंत्रण’ एवढेच लिहा आणि ‘पेक्षा प्रभावी’ हे शब्द खोडून टाका.